विमाने जमिनीवरच का जळाली?

२२ जून १९४१ रोजी पहाटे सव्वातीनच्या सुमारास हिटलरच्या फौजांनी सोव्हिएत युनियनवर आक्रमण केले. तत्पूर्वीच रात्रीच्या उड्डाणात मुरलेले निवडक जर्मन वैमानिक हाइंकेल, युंकर्स व डॉर्निअर जातीची बाँबफेकी विमाने घेऊन फार उंचावरून सरहद्द ओलांडून गेले होते. एकेका विमानतळासाठी साधारणतः तीन विमाने योजली होती. दोन-दोन किलोंचे शेकडो बाँब त्यांनी रांगेने उभ्या असलेल्या विमानांवर ओतले. हे बाँब कधी कधी स्वतःच्याच विमानात अडकून फुटत. म्हणून जर्मन सैनिक त्यांना सैतानाची अंडी म्हणत. सोव्हिएत इतिहासकारांच्याच हिशेबाप्रमाणे त्या एका दिवसात ६६ विमानतळांवर हल्ले झाले आणि सुमारे १,२०० विमाने गेली. त्यांपैकी ८०० जमिनीवरच जळाली.

या संहाराचे कारण म्हणून 'अचानक हल्ला' हे दोन शब्द सांगण्याचा प्रघात आहे. ते कारण पटण्याजोगे नाही. कित्येक महिने जर्मन टेहळणी विमाने याच विमानतळांची छायाचित्रे घेत होती आणि त्यांच्यावर गोळी झाडू नये असा मॉस्कोचा हुकूम होता. बर्लिनच्या हवाई मंत्रालयात काम करणारा नाझीविरोधी अधिकारी हारो शुल्झे-बॉयझेन याने पाठविलेली पक्की खबर १७ जूनला स्टॅलिनच्या मेजावर होती. स्टॅलिनने त्या कागदावर अर्वाच्य शिवी लिहून तो परत केला. विमाने झाकण्याचा आदेश १९ जूनला निघाला. त्याच्या पूर्ततेची मुदत जुलैची होती!

स्टॅलिन वेळ मिळवीत होता, असे त्याचे समर्थक सांगतात. परंतु त्या वेळेची किंमत काय होती? १९३९ च्या करारानंतर सोव्हिएत युनियनमधून जर्मनीला धान्य, खनिज तेल, मँगेनीज यांचा पुरवठा होत राहिला आणि तो आक्रमणाच्या रात्रीपर्यंत चालू होता. शत्रूची कोठारे भरून मिळविलेला वेळ आपल्याच सेनापतींना संपविण्यात खर्च झाला. हवाई दलाचा प्रमुख अल्क्स्निस १९३८ मध्येच मारला गेला होता. पुढे त्याच पदावर आलेल्या रिचागोव्हला एप्रिल १९४१ मध्ये काढून टाकण्यात आले. वैमानिकांना सदोष विमानांतून उडावे लागते, असे त्याने भर बैठकीत स्टॅलिनला सुनावल्याचे अ‍ॅडमिरल इसाकोव्ह यांच्या आठवणींवरून कळते. युद्ध सुरू होताच त्याला अटक झाली आणि २८ ऑक्टोबरला, जर्मन सैन्य मॉस्कोच्या दिशेने येत असताना, गोळी घालण्यात आली. पश्चिम विभागाच्या हवाई दलाचा प्रमुख कोपेत्स हा अवघा बत्तीस वर्षांचा होता. पहिल्या दिवसाचा विध्वंस पाहून त्याने स्वतःवर गोळी झाडून घेतली.

सोव्हिएत जनतेने हा घाव पचविला, हे मान्य केलेच पाहिजे. विमाने जमिनीवर जळाल्याने पुष्कळ वैमानिक वाचले होते. दीड हजारांहून अधिक कारखाने उचलून पूर्वेकडे नेण्यात आले आणि स्त्रिया व कोवळी मुले यांनी थंडीवाऱ्यात यंत्रे चालविली. फॅसिझमचा पाडाव करण्यात या श्रमिकांचा वाटा सर्वांत मोठा आहे आणि त्यांच्यापुढे आमचे मस्तक नम्र होते. पण जनतेच्या या पराक्रमाचे श्रेय नेतृत्वाच्या आंधळेपणाच्या खात्यावर जमा करता येणार नाही.

समाजवादी कार्यकर्त्याने या इतिहासापासून घ्यावयाचा बोध असा की, लोकशाही ही सत्ता हाती आल्यावर सवडीने बसवावयाची कमान नव्हे. ती समाजवादाच्या पायातच असावी लागते. संघटनेत अप्रिय वार्ता आणणारा मनुष्य संशयास्पद ठरू लागला, की वार्ता येणे थांबते. संकट मात्र यावयाचे थांबत नाही. तालुक्यातून येणाऱ्या अहवालात वरिष्ठांना रुचेल तेवढेच लिहिले जाऊ लागले, तर पक्ष कितीही मोठा असो, त्याचे डोळे गेले असेच समजावे. सभासद घटले, संप फसला, लोक आपले ऐकेनासे झाले, हे निर्भयपणे सांगणारा साथी हा पक्षद्रोही नव्हे. तो पक्षाचा पहारेकरी होय. त्याला गप्प करणाऱ्यांनी २२ जूनची ती पहाट आठवावी.