उणीव सांगा, मग निकाल द्या

"महिनाअखेरपर्यंत बघतो. जमलं तर जमलं, नाहीतर तू दुसरीकडे काम शोध." संक्रांतीनंतरच्या एका संध्याकाळी आमच्या दुकानाच्या शेठनी मला हे सुनावले. सकाळी कॉलेज आणि दुपारी दोनपासून रात्री नऊपर्यंत साड्यांच्या दुकानात काम, असा माझा दिनक्रम आहे. त्या पगारातून फी आणि खोलीचे भाडे निघते. उरलेच तर चार पैसे गावी जातात. त्या रात्री मेसमधले जेवण घशाखाली उतरले नाही, हे सांगायला नकोच.

मित्रहो, प्रथमच कबूल करतो की शेठचे म्हणणे खोटे नव्हते. काउंटरवरच्या सगळ्यांत माझी विक्री कमी होती. गिऱ्हाईक माझ्यासमोर बसायचे, साड्या पाहायचे आणि "फिरून येते" म्हणून उठून जायचे. गणपतीनंतर मी कामाला लागलो तेव्हापासून हे असेच चालू होते. पण माझे चुकते कुठे, हे त्या चार महिन्यांत मला कोणी सांगितले नाही. आणि खरे सांगायचे तर मीही विचारले नाही. विचारले तर आपले अज्ञान उघडे पडेल, ही भीती!

शेवटी लाज गुंडाळून ठेवली आणि दुकानात वीस वर्षे काढलेल्या एका काकांना गाठले. त्यांनी तासभर माझे काम पाहिले आणि म्हणाले, "बाळ, तू गिऱ्हाईकाला काही विचारतच नाहीस. साडी स्वतःला नेसायची की कुणाला द्यायची, किती रुपयांपर्यंतची हवी, हे आधी विचार. तू एकदम तीस साड्या उलगडतोस. बाई गोंधळून जाते. ती उठून गेली की अर्धा तास तुझा घड्या घालण्यात जातो, तोवर दुसरं गिऱ्हाईक निघून जातं. आणि पदर आधी दाखवत जा."

एवढेच! जे ज्ञान मला पाच मिनिटांत मिळाले, त्याच्या अभावी माझी नोकरी जाण्याची वेळ आली होती. "तुझे काम बरोबर नाही" हा निकाल झाला. त्यात शिकण्यासारखे काही नसते. "तू गिऱ्हाईकाला विचारत नाहीस" ही झाली उणीव. निकालाने माणूस घाबरतो आणि घाबरलेला माणूस अधिकच चुका करतो. उणीव कळली तर तो निदान सुधारण्याचा प्रयत्न तरी करू शकतो.

राज्यशास्त्राच्या तासाला आपण संविधानाचा 311 वा अनुच्छेद शिकतो. काही अपवाद सोडले तर, चौकशी केल्यावाचून आणि बाजू मांडण्याची वाजवी संधी दिल्यावाचून सरकारी नोकराला बडतर्फ करता येत नाही. पण माझ्यावर आरोप नव्हता. मी कामात कमी पडत होतो. अशा माणसाचे काय? याचे उत्तर सर्वोच्च न्यायालयाने 1989 साली डॉ. सुमती शेरे यांच्या खटल्यात दिले आहे. त्यांची नेमणूक कायम स्वरूपाची नव्हती आणि त्या कामास योग्य नाहीत या कारणावरून त्यांची सेवा संपवण्यात आली होती. न्यायालयाचे म्हणणे थोडक्यात असे, की कर्मचाऱ्याला त्याच्या कामातील दोष वेळीच कळवले पाहिजेत. दोष अनवधानाने राहिलेला असू शकतो, त्यामागे अपात्रताच असेल असे नाही. आणि वेळेवर सांगितले तर माणूस मार्गावर येऊ शकतो. काहीही न कळवता अयोग्य ठरवून काढून टाकणे ही मनमानी होय.

हा खटला सरकारी नोकरीतला. आमच्या शेठना तो दाखवून मी काउंटरवर बसून राहू शकत नाही, हे मी जाणतो. शेठची बाजूही समजून घेतली पाहिजे. त्यांनी दुकान थाटले आहे, धर्मशाळा नव्हे. ऐन लग्नसराईत गिऱ्हाईक परत गेले तर नुकसान त्यांचे होते. सांगूनही जो सुधारत नाही, त्याला काढण्याचा त्यांना अधिकार आहे. माझा आग्रह 'सांगून' या एका शब्दापुरता आहे. त्याला पैसा लागत नाही, कायदा लागत नाही. पाच मिनिटे लागतात.

आणि केवळ शेठनाच का बोल लावावा? आपल्या महाविद्यालयात तरी काय चालते? चाचणीचे गुण फलकावर लागतात. वीसपैकी सात! सात का मिळाले, तेरा कुठे गेले, हे किती जणांना कळते? प्राध्यापकांना माझी नम्र विनंती आहे, की आमच्या उत्तरपत्रिकांवर एखादी ओळ लिहून त्या परत द्याव्यात. आणि विद्यार्थिमित्रांना विनंती ही, की ती ओळ मिळाली नाही तर जाऊन विचारावे. मी चार महिने गप्प बसलो, ती चूक माझीच होती.

महिनाअखेर होऊन गेली. माझी विक्री वाढली आहे, पण अजून सर्वांच्या बरोबरीची नाही. शेठ म्हणाले, "आणखी एक महिना बघू." म्हणजे तलवार अद्याप टांगलेलीच आहे. उद्या ती कोसळलीच तर मला वाईट वाटेल. परंतु आपण कशात कमी पडलो, हे तरी मला ठाऊक असेल, आणि पुढच्या दुकानात पाऊल टाकताना पहिल्याच दिवशी विचारीन, "शेठ, माझं काही चुकलं तर लगेच सांगाल ना?"

— एक विद्यार्थी, तृतीय वर्ष कला