पंचवटीतलं किराणा दुकान 'मिनी मार्ट' झालं, पण ॲपपुढे टिकणार कशावर?

मखमलाबाद नाक्यापासून दिंडोरी रोडपर्यंत फिरून बघा. जुन्या किराणा दुकानांवर आता 'मिनी मार्ट', 'सुपर शॉपी' अशा पाट्या दिसतात. जागा तेवढीच, मालकही बहुधा तोच. काउंटर बाजूला सरकलं आणि गिऱ्हाईक आत आलं, एवढाच काय तो फरक.

ही कल्पना अमेरिकेतली. 1916 मध्ये मेम्फिस शहरात क्लॅरेन्स सॉन्डर्सने 'पिगली विगली' उघडलं. तोवर गिऱ्हाईक यादी द्यायचं आणि नोकर माल काढायचा. सॉन्डर्सने गिऱ्हाइकाच्याच हातात टोपली दिली. आपल्याकडे मुंबईच्या नायगावात 1948 मध्ये कामगारांचा सहकारी 'अपना बाजार' सुरू झाला. त्याचीच नेरूळमधली फ्रँचायझी 1999 च्या सुमारास राधाकिशन दमाणींनी चालवून पाहिली आणि 2002 मध्ये पवईत पहिलं डीमार्ट उघडलं. गल्लीतलं मार्ट म्हणजे त्याची छोटी नक्कल.

नक्कल पूर्ण जमत नाही, हे बरंच आहे. मोठ्या सुपरमार्केटात दूध बहुतेक वेळा अगदी आत ठेवतात, म्हणजे तुम्हाला सगळं दुकान ओलांडावं लागतं. इथे दुधाचे क्रेट दारातच! सकाळी पिशवी घ्यायला आलेल्या माणसाला कोण आत फिरवणार? डोळ्यांच्या उंचीवर जास्त मार्जिनचा माल, तळाला आट्याच्या पिशव्या, गल्ल्याशी चॉकलेटं. तूप आणि ब्लेड मालकाच्या पाठीमागे, कारण उघड आहे. एकादशी आली की भगर-साबुदाणा पुढे येतात. भगर तर नाशिकचीच.

आता गाठ दहा मिनिटांच्या डिलिव्हरीशी आहे. वर्षभरात देशात सुमारे 2 लाख किराणा दुकानं बंद पडली, असा दावा वितरकांच्या एका अखिल भारतीय संघटनेने ऑक्टोबर 2024 मध्ये केला होता. दावा करणारे स्वतः या भांडणात आहेत, त्यामुळे आकडा जपून घ्यावा. पण काळजी खोटी नाही.

भावात डीमार्टला आणि वेगात ॲपला हे दुकान हरवू शकत नाही. त्याच्याकडे दोनच गोष्टी आहेत: सुटा माल आणि उधारीची वही. दहा रुपयांचं जिरं, पाव किलो तूरडाळ, पैसे पगार झाल्यावर. नवी मांडणी करताना नेमकी पोत्यांची जागा फ्रीजने घेतली आणि वहीची बिलिंग मशिनने.

2027 च्या सिंहस्थात पाण्याच्या बाटल्या आणि बिस्किटं दाराशी येतील, त्यात कमाईही होईल. पण यात्रेकरू परत गेले की दुकानात येणार आहेत ते गल्लीतलेच खातेदार.