अनुभव सक्तीचा, शिकवणी मात्र नशिबाची
नवोदित वकिलांच्या पहिल्या तीन वर्षांचा अनुत्तरित प्रश्न

वाराणसी : कनिष्ठ स्तर दिवाणी न्यायाधीशाच्या परीक्षेस बसण्यासाठी किमान तीन वर्षे वकिली केलेली असावी, असा दंडक सर्वोच्च न्यायालयाने २० मे २०२५ रोजी पुन्हा घालून दिला. तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या अध्यक्षतेखालील खंडपीठाच्या या निर्णयामागे न्यायदानाचा दर्जा सुधारण्याचा हेतू आहे. परंतु दूधविनायकसारख्या वाराणसीतील जुन्या मराठी वस्तीत, घरी वकिलीची परंपरा नसताना विधी पदवी घेणाऱ्या तरुणापुढे वेगळाच प्रश्न उभा राहतो. ही तीन वर्षे त्याला शिकवणार कोण आणि तोवर त्याचा चरितार्थ चालणार कशावर?

कायद्याने या प्रश्नाचे उत्तर केव्हाच सोडून दिले आहे. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमात सनदेपूर्वी प्रशिक्षण आणि परीक्षेची तरतूद होती. १९७३ च्या दुरुस्तीने ती वगळली गेली. बार कौन्सिल ऑफ इंडियाने १९९५ मध्ये एक वर्षाच्या प्रशिक्षणाचे नियम केले, पण कौन्सिलला तसा अधिकार नाही, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने ते १९९९ मध्ये रद्द ठरवले. २०११ पासून अखिल भारतीय बार परीक्षा सुरू झाली आणि २०२३ मध्ये घटनापीठाने तिला मान्यता दिली. मात्र बहुपर्यायी प्रश्नांच्या या परीक्षेतून दाव्याचा मसुदा लिहिणे किंवा साक्षीदाराची उलटतपासणी घेणे येते की नाही, हे कळत नाही.

हे शिक्षण न्यायालयाच्या आवारातच होते. वरुणेपलीकडच्या कचहरीत मुंशी आणि पेशकार यांच्याकडून कामाची रीत कळते, तर कोणता मुद्दा केव्हा मांडावा, हे ज्येष्ठांकडून. जुन्या वाड्यांच्या वस्तीत भाडेकरूचा वाद आला, तर उत्तर प्रदेशचा १९७२ चा भाडे नियंत्रण कायदा आणि त्याची जागा घेणारा २०२१ चा कायदा असे दोन्ही ठाऊक असावे लागतात. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली असली, तरी त्यापूर्वीच्या गुन्ह्यांचे खटले भारतीय दंड संहितेखालीच चालतात. अशा संधिकाळात मार्गदर्शकाविना काम करणाऱ्या नवख्या वकिलाच्या चुकीची किंमत पक्षकार मोजतो.

आर्थिक बाजूही तितकीच कमकुवत आहे. सनदेसाठी कायद्यात ठरलेल्या शुल्कापेक्षा, म्हणजे सर्वसाधारण उमेदवारांकडून ७५० रुपयांपेक्षा जास्त रक्कम घेता येणार नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२४ मध्ये स्पष्ट केले. व्यवसायाचा उंबरठा त्यामुळे सुकर झाला. पण त्यापुढची वाट तशीच राहिली. कनिष्ठ वकिलांना शहरात दरमहा किमान २० हजार आणि ग्रामीण भागात १५ हजार रुपये विद्यावेतन द्यावे, असे बार कौन्सिलने ऑक्टोबर २०२४ मध्ये सुचवले. मात्र ती शिफारस आहे, सक्ती नव्हे. जिल्हा न्यायालयातील अनेक ज्येष्ठांचेच उत्पन्न बेताचे असते, त्यामुळे केवळ परिपत्रकाने हा भार पेलला जाणार नाही. आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये नव्या वकिलांना तीन वर्षांपर्यंत दरमहा ५ हजार रुपये देणारी योजना सुरू केली होती. तिची रक्कम लहान असली, तरी जबाबदारी सार्वजनिक असू शकते, हे तिने दाखवले.

नव्या निर्णयानुसार अनुभवाची गणना तात्पुरत्या सनदेपासून होते आणि किमान दहा वर्षे वकिली केलेल्या अधिवक्त्याचे प्रमाणपत्र, जिल्ह्याच्या प्रमुख न्यायिक अधिकाऱ्याच्या साक्षांकनासह, ग्राह्य धरले जाते. यातून कालावधी सिद्ध होईल. शिकणे सिद्ध होईलच असे नाही. शिवाय ज्याच्या हाती प्रमाणपत्र, त्याच्याकडे मोबदल्याचा विषय काढणे कनिष्ठाला अवघड जाते.

तीन वर्षांची हीच अट २००२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने काढली होती. अनुभवाच्या सक्तीमुळे गुणवान पदवीधर न्यायसेवेकडे वळत नाहीत, हे त्यामागचे कारण होते. ते कारण आजही संपलेले नाही. कनिष्ठाने हाताळलेल्या कामाची नोंदवही ठेवणे आणि वकील कल्याण निधी किंवा राज्याच्या तिजोरीतून विद्यावेतनाचा वाटा उचलणे, हे दोन उपाय अटीसोबत आले नाहीत, तर घरच्यांना तीन वर्षे पोसणे परवडते अशांपुरतीच न्यायाधीशपदाची वाट खुली राहील.