ट्रस्टची खुर्ची वारशाने का मिळावी?

वक्फ दुरुस्ती कायदा २०२५ मध्ये आला तेव्हा आपण सगळे बोललो. आमच्या बोर्डावर कोण बसेल हे सरकारने का ठरवावं, हा आपला सवाल रास्त होता आणि आजही आहे. सर्वोच्च न्यायालयानेही १५ सप्टेंबर २०२५ च्या अंतरिम आदेशात सांगितलं की राज्य वक्फ बोर्डावर तीनपेक्षा जास्त बिगरमुस्लिम सदस्य नसावेत. पण आपल्या गल्लीतल्या ट्रस्टवर कोण बसलंय आणि त्यांना कोणी बसवलं, हे आपण विचारलंच नाही.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापुरात आपले ट्रस्ट मशीद, मदरसा, कब्रस्तान, अ‍ॅम्ब्युलन्स, शिष्यवृत्ती सांभाळतात. त्यांची गरज कोणाला पडते? उल्हासनगरात जीन्स शिवणाऱ्या कारागिराला, एमआयडीसीतल्या कंत्राटी कामगाराला, मुंबईचं भाडं परवडेना म्हणून बदलापूरला आलेल्या कुटुंबाला, विधवेला, कॉलेजात शिकणाऱ्या मुलीला. कोणी घरात मराठी बोलतं, कोणी उर्दू, कोणी भोजपुरी. आणि ट्रस्टी? ठरलेल्या चार घरांतले, साठी ओलांडलेले पुरुष. मी ज्या ट्रस्टला दर महिन्याला चंदा देतो (नाव घेत नाही), तिथे एक ट्रस्टी वारले आणि जागा त्यांच्या मुलाला मिळाली. आम्हाला कळलं ते फलकावरचं नाव बदलल्यावर. मुलगा भला आहे. पण त्याला निवडलं कोणी?

कोणी म्हणेल, मिश्र ट्रस्ट ही बाहेरची कल्पना आहे. त्यांनी मलंगगडाकडे बघावं. अंबरनाथ तालुक्यातल्या हाजी मलंग दर्ग्याची व्यवस्था केतकर हे हिंदू ब्राह्मण कुटुंब पिढ्यान्‌पिढ्या पाहत आलं आहे. हे कोणत्याही सरकारने लादलेलं नव्हतं. पण त्याच दर्ग्याचा दुसरा धडाही वाचा. दर्ग्याच्या जमिनीच्या एका वादावर १९६८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. तेव्हाच्या व्यवस्थापकांनी हिशेबाची कागदपत्रं कोर्टापुढे ठेवली नव्हती, म्हणून न्यायालयाने त्यांच्याविरुद्ध निष्कर्ष काढला. वकील आजही तो निकाल दाखल्याला देतात. यात हिंदू-मुसलमान शोधू नका. वारशाच्या खुर्चीवर कोणीही बसो, शेजारी हिशेब बघणारा परका माणूस हवाच.

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे साधा नियम आहे: स्वतः लिहिलेला कोड स्वतःच मंजूर करायचा नाही. याचा अर्थ लिहिणारा चोर आहे असा होत नाही. आपली चूक आपल्याला दिसत नाही, एवढंच. सगळे ट्रस्टी एकाच बिरादरीचे असले की सगळ्यांना एकच गोष्ट दिसते आणि एकच दिसत नाही.

बदलापूर आठवा. शाळेतल्या दोन चिमुकल्या मुलींवरच्या अत्याचारानंतर २० ऑगस्ट २०२४ रोजी लोक रेल्वे रुळांवर उतरले. घटना पोलिसांना कळवली नाही म्हणून शाळा चालवणाऱ्या संस्थेच्या पदाधिकाऱ्यांवरही गुन्हा नोंदला गेला. संस्था चालवणारे आणि जिचं मूल तिथे जातं ती आई, यांच्यात किती अंतर पडू शकतं ते सगळ्या शहराने पाहिलं. आपल्या मदरशांत ते अंतर नाही, असं छातीठोक कोण सांगेल?

“बायका मीटिंगला येत नाहीत.” मीटिंग इशाच्या नमाजनंतर रात्री साडेदहाला ठेवली तर कशा येतील? “मशिदीच्या कमिटीत बाईचं काय काम?” इमामत वेगळी, पैशांचा हिशेब वेगळा. राज्य वक्फ बोर्डावर किमान दोन महिला हव्यात, हे कायद्यात २०१३ च्या दुरुस्तीनेच आलं. मग मोहल्ल्यातल्या कमिटीवर एकही का नाही? “लायक माणसं मिळत नाहीत.” जागा रिकामी आहे हे तुम्ही कोणाला सांगितलंत? आणि ट्रस्टींच्या बेगमचं नाव कागदावर घालून सही घरी मागवणं म्हणजे महिला ट्रस्टी नव्हे.

मागणी सोपी आहे. रिकाम्या जागेची नोटीस मराठीत आणि उर्दूत लावा, जुम्याला माइकवरून सांगा. कोणालाही सलग दोन मुदतींपेक्षा जास्त नको. किमान दोन महिला, एक पस्तिशीच्या आतला, एक भाडेकरू घ्या. दवाखाना, अ‍ॅम्ब्युलन्स, वाचनालय सगळ्यांसाठी असेल तर त्या ट्रस्टवर शेजारचा सिंधी डॉक्टर किंवा बौद्ध शिक्षिका यांनाही बोलवा. सरकारने लादणं वेगळं, आपण सन्मानाने बोलावणं वेगळं. आपण स्वतः बोलावलं असेल तर लादणाऱ्याला जाब विचारताना आपला आवाजही मोठा होईल.

ट्रस्ट म्हणजे अमानत. अमानत वारसाहक्काने वाटली जात नाही. आपल्याकडे शूराची, म्हणजे सल्लामसलतीची, शिकवण आहे. कुरआनात त्या नावाची सूराच आहे.

ट्रस्ट धर्मादाय आयुक्तांकडे नोंदलेला असेल तर ट्रस्टींची नावं तिथल्या नोंदवहीत असतात आणि बदल झाल्यावर ९० दिवसांत चेंज रिपोर्ट द्यावा लागतो. वक्फ असेल तर नोंद वक्फ बोर्डाकडे असते. या महिन्यात तुमच्या ट्रस्टची यादी मागवा. पुढच्या जुम्याला ती हातात घेऊन कमिटीला अदबीने विचारा: पुढची जागा कधी रिकामी होणार आणि ती कशी भरणार? उत्तर लेखी मागा.