पाऊस की बर्फ?

जानेवारीत कधी कधी शिमल्यात पाऊस पडत असतो आणि जवळच, जरा उंचावरच्या कुफरीत बर्फ. ढग तोच. त्यातून निघताना बहुतेक थेंब हिमकणच असतात. वाटेत शून्याच्या वरचा हवेचा थर जाड असला की वितळतात, पातळ असला की तसेच उतरतात. मात्र नुसत्या तापमापकावर विसंबू नये. हवा कोरडी असेल तर वितळत्या कणांवरच्या पाण्याची वाफ होते, त्यात उष्णता खर्च होते आणि जमिनीवर २-३ अंश असतानाही हिमवर्षाव होतो. अंदाज बांधणाऱ्यांची खरी दमछाक इथेच! आपल्या मोसमी ढगांच्या माथ्यावरही बर्फ असतो, पण शून्याची पातळी सुमारे ५ किलोमीटरवर. महाबळेश्वरलाही ती आवाक्याबाहेरच.