शास्त्रज्ञाचा इशारा आणि बाजाराची घाई

डेंग्यूवर लस निघाली की हा प्रश्न कायमचा मिटेल, ही समजूत सुशिक्षित वर्गात सध्या चांगलीच रुजली आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि एक खाजगी कंपनी यांनी मिळून ऑगस्ट २०२४ मध्ये डेंग्यूच्या लसीच्या तिसऱ्या टप्प्यातील चाचण्या दहा हजारांहून अधिक स्वयंसेवकांवर सुरू केल्या, तेव्हापासून या समजुतीला अधिकच बळ आले आहे. लस यावी, ती सुरक्षित असावी आणि गरिबातील गरिबाच्या मुलापर्यंत ती विनामूल्य पोहोचावी, याविषयी समाजवाद्यांत दुमत असण्याचे कारण नाही. परंतु ती कोणाच्या हातून, कोणत्या अटींवर आणि कोणाच्या घाईने येते, हा प्रश्न केवळ वैद्यकाचा नाही. तो मूलत: अर्थकारणाचा आणि राजकारणाचा प्रश्न आहे. डॉ. स्कॉट हॉलस्टेड या अमेरिकन शास्त्रज्ञाची कारकीर्द कार्यकर्त्यांनी समजून घ्यावी, ती याचसाठी.

हॉलस्टेड यांचा जन्म १९३० सालचा, आणि तोही आपल्या लखनौचा. एकोणीसशे साठच्या दशकाच्या आरंभी ते बँकॉकमध्ये काम करू लागले. त्यापूर्वी काही वर्षे मनिलात आणि १९५८ मध्ये बँकॉकमध्ये रक्तस्रावी तापाने लहान मुले दगावू लागली होती. हाडे मोडून काढणारा परंतु सहसा जीव न घेणारा डेंग्यू एकाएकी मुलांचा काळ का झाला, हे कोडे होते. डेंग्यूच्या विषाणूचे चार प्रकार आहेत. हॉलस्टेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असे आढळले की गंभीर आजारी पडणारी बहुतेक मुले पूर्वी एकदा वेगळ्या प्रकारच्या डेंग्यूला तोंड दिलेली होती. उरलेली होती ती वर्षाच्या आतली तान्ही मुले. त्यांना हा ताप पहिलाच होता, परंतु त्यांच्या रक्तात आईकडून आलेली प्रतिपिंडे होती. यावरून निघालेला निष्कर्ष धक्कादायक होता. पहिल्या तापाने तयार झालेली प्रतिपिंडे दुसऱ्या प्रकारच्या विषाणूला चिकटतात, पण त्याला निकामी करू शकत नाहीत. उलट पांढऱ्या पेशींत शिरण्याची वाट त्याला मोकळी करून देतात. कुंपणानेच शेत खावे, तसा हा प्रकार.

हा सिद्धांत अनेक वर्षे वादग्रस्त राहिला. त्याला सर्वांत भक्कम आधार मिळाला तो क्यूबातून. तेथे १९७७ मध्ये पहिल्या प्रकारच्या डेंग्यूची साथ येऊन गेली होती. १९८१ मध्ये दुसऱ्या प्रकारची साथ आली, तेव्हा ३ लाख ४४ हजारांवर रुग्णांची नोंद झाली, १ लाख १६ हजारांवर लोकांना रुग्णालयात ठेवावे लागले आणि १५८ जणांचा मृत्यू झाला. त्यांतील १०१ मुले होती. मे महिन्यात सुरू झालेली ही साथ घरोघर डासांची पैदास नष्ट करणाऱ्या मोहिमेने ऑक्टोबरपर्यंत आटोक्यात आणली गेली. एवढ्या रुग्णांमागे मृत्यू इतके मर्यादित राहिले, याचे श्रेय सरसकट रुग्णालयात दाखल करून घेणाऱ्या सार्वजनिक आरोग्यव्यवस्थेला द्यावे लागते. गुस्तावो कोउरी आणि मारिया ग्वादालुपे गुस्मान या क्यूबन शास्त्रज्ञांनी या साथीच्या नोंदींतून दाखवून दिले की गंभीर आजार मुख्यत: १९७७ मध्ये लागण झालेल्यांनाच झाला. पुढे अमेरिकेची आर्थिक नाकेबंदी चालू असतानाही हॉलस्टेड यांनी या क्यूबन सहकाऱ्यांबरोबर संयुक्त निबंध लिहिले.

आता या ज्ञानाचा लसीशी काय संबंध, ते पाहू. ज्या मुलाला कधीच डेंग्यू झालेला नाही, त्याच्या शरीरात अपुरी लस ही पहिल्या तापासारखी वागू शकते. नंतर डास चावला, की तो त्या मुलाचा दुसरा ताप ठरतो, आणि दुसरा तापच घातक! म्हणजे लस टोचण्यापूर्वी मुलाला डेंग्यू होऊन गेला आहे की नाही, हा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न ठरतो.

सानोफी या फ्रेंच कंपनीने मात्र वेगळाच क्रम अनुसरला. २००९ मध्ये, म्हणजे निर्णायक चाचण्यांचे निकाल हाती येण्याच्या कितीतरी आधी, तिने लिआँ शहराजवळ या लसीच्या कारखान्यासाठी सुमारे ३५ कोटी युरोंची गुंतवणूक जाहीर केली. अर्थशास्त्राच्या कोणत्याही विद्यार्थ्याला याचा अर्थ कळेल. स्थिर भांडवल एकदा जमिनीत रोवले, की ते माल विकण्याची मागणी करू लागते. शंका-कुशंका त्याला परवडत नाहीत. २०१५ मध्ये चाचण्यांचे जे दीर्घकालीन निष्कर्ष प्रसिद्ध झाले, त्यांत दोन ते पाच वर्षांच्या लसवंत मुलांना तिसऱ्या वर्षी डेंग्यूने रुग्णालयात जावे लागण्याचे प्रमाण लस न घेतलेल्यांच्या सातपटीहून अधिक दिसले. आकडे लहान होते, पण दिशा स्पष्ट होती. कंपनीने तोडगा काढला तो वयाचा: नऊ वर्षांखालील मुलांना लस द्यावयाची नाही. हॉलस्टेड यांचे म्हणणे असे की दोष वयाचा नसून पूर्वी लागण न झालेल्या शरीराचा आहे, आणि अशी शरीरे नऊ वर्षांवरच्या मुलांतही असणारच. त्यांनी शास्त्रीय नियतकालिकांतून हे पुन:पुन्हा मांडले. फिलिपीन्सच्या सरकारला सावध करणारी एक चित्रफीतही त्यांनी तयार केली. साठ वर्षांच्या अभ्यासाचा हा इशारा होता. तो ऐकला गेला नाही.

डिसेंबर २०१५ मध्ये फिलिपीन्समध्ये लसीला परवाना मिळाला. एप्रिल २०१६ मध्ये तीन प्रदेशांतील सरकारी शाळांत लसीकरण सुरू झाले, आणि पुढच्याच महिन्यात देशात अध्यक्षपदाची निवडणूक होती. खरेदीसाठी साडेतीन अब्ज पेसो सरकारी तिजोरीतून गेले. आठ लाखांहून अधिक मुलांना लस टोचली गेली. रक्ततपासणी मात्र कोणाचीच झाली नाही. २९ नोव्हेंबर २०१७ रोजी कंपनीने स्वत:च जाहीर केले की पूर्वी डेंग्यू न झालेल्यांना या लसीमुळे गंभीर आजाराचा धोका वाढतो. हॉलस्टेड जे सांगत होते, तेच!

या लसीच्या समर्थनार्थ पुढे केला जाणारा हिशेब तपासण्याजोगा आहे. पूर्वी डेंग्यू झालेल्या एक हजार मुलांना लस दिली, तर पाच वर्षांत पंधरा मुलांचे रुग्णालय टळते; डेंग्यू न झालेल्या एक हजारांना दिली, तर पाच अधिक मुले रुग्णालयात जातात आणि त्यांतील दोघांचा आजार गंभीर असतो. पहिल्या गटातील मुले संख्येने अधिक, म्हणून एकूण समाजाचा लाभच, असे हे गणित. परंतु एका मुलाच्या लाभातून दुसऱ्या निरोगी मुलाची हानी वजा करून शिल्लक काढण्याचा अधिकार कोणी कोणाला दिला? आठ लाखांत दहांपैकी एक मूल जरी पूर्वी लागण न झालेले धरले, तरी ऐंशी हजार मुले होतात, आणि वरील दराने चारशे अधिक मुले रुग्णालयात जातात. रक्ततपासणीने ही मुले वेगळी काढता आली असती. पण तपासणीने खर्च वाढतो, वेळ जातो आणि गिऱ्हाइके घटतात. किंमत कंपनीने घेतली, जोखीम सरकारी शाळेतल्या पोरांनी उचलली. लाभाचे खाजगीकरण आणि जोखमीचे सार्वजनिकीकरण म्हणतात, ते हेच.

याची दुसरी किंमत तर याहून मोठी ठरली. अमुक मुलाचा मृत्यू लसीमुळेच झाला, हे एकेका प्रकरणात सिद्ध करणे अवघड होते. तरीही शवविच्छेदनांचे राजकीय प्रदर्शन मांडले गेले आणि आईबापांचा सर्वच लसींवरचा विश्वास उडाला. तेथील लसीकरण आधीपासूनच ढासळत होते. त्यात ही भर पडली. २०१९ मध्ये गोवराच्या साथीत शेकडो माणसे दगावली, त्यांत बहुसंख्य लहान मुले होती. त्याच वर्षी डेंग्यूचेही चार लाखांहून अधिक रुग्ण झाले. बाजाराच्या घाईने केवळ एक लस बदनाम झाली नाही. गोवराच्या निर्दोष लसीचाही बळी गेला.

म्हणूनच आपल्यातील काही साथी ‘लस म्हणजे भांडवलशाहीचे कारस्थान’ अशी जी सोपी घोषणा देतात, तिचा स्पष्ट निषेध केला पाहिजे. हॉलस्टेड हे लसीचे विरोधक नव्हते. डेंग्यूची लस लवकर यावी, यासाठी त्यांनी आयुष्याचा मोठा भाग वेचला. विज्ञानावर अविश्वास हा गरिबांच्या चळवळीचा मार्ग असूच शकत नाही. आपला आक्षेप विज्ञानाला नाही, विज्ञानाचा इशारा दडपणाऱ्या मालकीसंबंधांना आहे.

याच हॉलस्टेड यांच्या कारकिर्दीतील आणखी एक प्रकरण आपण विसरता कामा नये. रॉकफेलर फाउंडेशनमध्ये असताना, १९८५ मध्ये, इटलीतील बेलाजिओ येथे झालेल्या परिषदेचा ‘अल्प खर्चात उत्तम आरोग्य’ या आशयाचा अहवाल त्यांनी सहकाऱ्यांसह संपादित केला. चीन, श्रीलंका, कोस्टा रिका आणि आपले केरळ ही त्याची उदाहरणे. दरडोई उत्पन्न तुटपुंजे असूनही तेथे बालमृत्यू कमी आणि आयुर्मान जास्त का? उत्तर असे निघाले: राजकीय इच्छाशक्ती, स्त्रियांसह सर्वांना शिक्षण, सर्वांना पुरेसे अन्न आणि सर्वांच्या आवाक्यातील आरोग्यसेवा. तेलसम्राटाच्या पैशावर उभ्या राहिलेल्या संस्थेच्या अहवालाने समाजवाद्यांचेच म्हणणे मान्य करावे, यातील विरोधाभास मनोरंजक आहे. पण सत्य कोणाच्याही पैशाने छापले तरी सत्यच.

लसीचाही वेगळा मार्ग संभवतो. ब्राझीलच्या साओ पावलो राज्यातील बुतांतान ही सार्वजनिक संस्था. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत तयार झालेल्या विषाणूंवर आधारलेल्या लसीची तिने २०१६ पासून सोळा हजारांहून अधिक लोकांवर चाचणी केली, आणि पूर्वी डेंग्यू झालेल्यांचे व न झालेल्यांचे निष्कर्ष वेगवेगळे मांडले. नोव्हेंबर २०२५ मध्ये तिला तेथील नियंत्रकांची मान्यता मिळाली. भारतातील चाचणी त्याच मूळ विषाणूंवर आधारलेल्या लसीची आहे. ब्राझीलच्या प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत तिसऱ्या व चौथ्या प्रकाराविरुद्धचे संरक्षण मोजता आले नव्हते, कारण ते प्रकार तेव्हा तेथे फारसे फिरत नव्हते. तेव्हा भारतातील निष्कर्षांकडे अधिकच काटेकोरपणे पाहावे लागेल.

कार्यकर्त्यांनी यापुढे तीन मागण्या लावून धरल्या पाहिजेत. पहिली, चाचणीचे निष्कर्ष विषाणूच्या चारही प्रकारांनुसार आणि पूर्वी लागण झालेल्या व न झालेल्या व्यक्तींनुसार स्वतंत्रपणे जनतेपुढे यावेत. दुसरी, सरकारी खरेदीचे करार आणि किंमत गुप्त राहू नये आणि कोणत्याही मोहिमेची तारीख निवडणुकीच्या पंचांगावरून ठरू नये. तिसरी मागणी पाण्याची. डेंग्यूचा डास गटारात नव्हे, तर साठवलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. ज्या गावांत नळाला चार-आठ दिवसांनी पाणी येते, तेथे पिंपे, हौद आणि रांजण भरून ठेवण्यावाचून गृहिणीला गत्यंतर नसते. तिला दंडाची नोटीस बजावणाऱ्या नगरपालिकेला रोज पाणी का देता येत नाही, हा जाब विचारणे हेदेखील डेंग्यूविरोधी कार्यच आहे. लस येईल तेव्हा येईल. नळाचे पाणी मात्र कोणत्याही परदेशी कारखान्याची वाट पाहत थांबलेले नाही. ते थांबले आहे आपल्या संघटित दबावाअभावी.