पेटीची किल्ली आणि दिल्लीचा कायदा

दिल्लीलगत मानेसर येथे राष्ट्रीय सुरक्षा दलाचे, म्हणजे एनएसजीचे केंद्र आहे. १९८४ साली हे दल उभारताना ब्रिटनचे एसएएस आणि पश्चिम जर्मनीचे जीएसजी-९ यांचा नमुना समोर ठेवण्यात आला होता. ह्याच दोन दलांचे गणवेश राजधानीतील तरुणांनी सायबर कॅफेच्या पडद्यावर चढवले, ते ‘काउंटर-स्ट्राइक’ ह्या खेळात. एका चमूने बाँब लावायचा, दुसऱ्याने तो निकामी करायचा. अर्धा सामना झाला की बाजू बदलायच्या. दहशतवादी कोण, तो कशासाठी लढतो, असले प्रश्न तेथे कोणी विचारीत नाही. ह्या उणिवेवर आणि हिंसेवर पुष्कळ लिहून झाले आहे. पंचवीस वर्षांत खेळातील गोळी मात्र जवळपास तशीच राहिली. बदलली ती मालकी.

१९९९ साली मिन्ह ली आणि जेस क्लिफ ह्या दोन विद्यार्थ्यांनी ‘हाफ-लाइफ’ ह्या दुसऱ्याच खेळात फेरफार करून तो घडवला आणि जगाला फुकट वाटला. मैदाने रचणारे, चुका शोधून कळवणारे असंख्य हौशी खेळाडू त्याला येऊन मिळाले. हे श्रम सामूहिक होते आणि त्यांना वेतन नव्हते. २००० साली अमेरिकेच्या व्हॉल्व्ह कंपनीने हक्क विकत घेतले व त्याच वर्षी खेळ दुकानात विक्रीला आला. पुढे २००४ आणि २०१२ साली नव्या आवृत्त्या निघाल्या. पण निर्णायक वर्ष २०१३. त्या वर्षी खेळात बंद पेट्या आल्या. पेटी उघडायला किल्ली लागते, तिची किंमत सुमारे अडीच डॉलर. आत निघते ते बंदुकीवरचे रंगकाम, ज्याला ‘स्किन’ म्हणतात. त्याने नेम सुधारत नाही. दुर्मीळ चाकू वा हातमोजे निघण्याची शक्यता, चीनमध्ये कायद्याच्या सक्तीमुळे २०१७ साली जाहीर झाली तेव्हा, ०.२६ टक्के निघाली. म्हणजे सरासरीने ३८५ पेट्या, आणि किल्ल्यांपायीच साडेनऊशे डॉलर! निघालेला माल कंपनीच्याच बाजारात विकायचा, तर प्रत्येक व्यवहारात तिचा सुमारे पंधरा टक्के वाटा. २०१८ साली खेळ फुकट झाला, ह्यात औदार्य शोधण्याचे कारण नाही. जुगाराच्या अड्ड्यावरही प्रवेशमूल्य नसते. ऑक्टोबर २०२५ मध्ये कंपनीने एक नियम बदलला आणि ह्या बाजाराचे मूल्य एका दिवसात अब्जावधी डॉलरांनी कोसळल्याचे अंदाज प्रसिद्ध झाले. हजारो तरुणांची ‘बचत’ कंपनीच्या एका बटणावर अवलंबून होती, हे तेव्हा उघड झाले.

आता दिल्लीकडे वळावे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन खेळांच्या प्रोत्साहन व नियमनाचा कायदा दोन दिवसांत, गदारोळातच मंजूर केला. पैसे लावून खेळायच्या खेळांना त्याने बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्सला अधिकृत क्रीडाप्रकाराचा मान दिला. रमीच्या ॲपपायी कर्जबाजारी झालेली कुटुंबे पाहता बंदीला विरोध करण्याचे कारण नाही. पण ‘काउंटर-स्ट्राइक’ एकाच वेळी दोन्ही दालनांत उभा आहे: सामना क्रीडेच्या, पेटी जुगाराच्या. पणाला लावायच्या गोष्टींच्या व्याख्येत कायद्याने पैशात बदलता येणारी, वास्तव वा आभासी, कोणतीही वस्तू धरली आहे. ह्या शब्दांत किल्लीची पेटी सहज बसते. मात्र क्रीडेचे प्रशस्तिपत्र पुढे करून ती निसटण्याचा धोका उघड आहे, कारण अशा खेळांभोवती परदेशी भांडवल, जाहिरातदार आणि स्पर्धांचे आयोजक यांची साखळी उभी आहे.

बेल्जियमसारख्या लहान देशाच्या जुगार आयोगाने २०१८ सालीच ह्या पेट्यांना जुगार ठरवले आणि व्हॉल्व्हला तेथे त्या उघडणे बंद करावे लागले. खेळ चालूच राहिला, स्पर्धा चालूच राहिल्या. केंद्रीय माहिती तंत्रज्ञान मंत्रालयाने पेटी आणि किल्ली यांचा नाव घेऊन निर्णय करावा, आणि तोही नोएडा-गुरुग्रामच्या मुलांच्या खिशातून आणखी किल्ल्यांचे पैसे जाण्यापूर्वी.